पेटीतला कर्नल

भटूच्याच नंबरावरून फोन आला म्हणून उचलताच मी म्हणालो, "काय रे, चहा भेटना का नही?" पलीकडे भटू नव्हता. "दादा, हाऊ फोन ज्याना शे त्या भाऊ बाकवर बठेल व्हतात, एकदम पडी गयात. तुम्ही त्यासना कोन?" विसरवाडीच्या चहावाल्याचा आवाज. सकाळी माझी टिंगल करून दुकानातून विसरवाडीला निघालेला धडधाकट माणूस... मी दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं. महिना उलटला, तरी मला ते खरं वाटत नाही. राग येतो, आणि कोणावर ते कळत नाही.

भटू आणि मी भागीदार; आम्ही दोघं नंदुरबारात गावोगावच्या पाणीटाक्यांसाठी पेट्या बनवायचो. मोबाईलवरून टाकीचा व्हॉल्व्ह उघडायचा नि बंद करायचा, एवढंच पेटीचं काम. तिच्यात एक चिमुकला कॉम्प्युटर असतो आणि त्याचा कारभारी म्हणजे कर्नल. त्या कॉम्प्युटरसाठी प्रोग्राम घडवायची हत्यारं, म्हणजे टूलचेन, आम्ही दुकानातल्या मोठ्या मशीनवर स्वतः बांधायचो. बांधताना तिला आधी कर्नलचे हेडर द्यावे लागतात; या कारभाऱ्याकडे काय मागता येतं नि कोणत्या शब्दांत, हे सांगणाऱ्या फायली. मी इंटरनेटवरचे नवेकोरे हेडर उचलायचो. भटू मात्र त्या त्या पेटीतल्या कर्नलचेच घ्यायचा, बनवणाऱ्याने केलेल्या सगळ्या फेरफारांसकट. माझं काम टेबलावर झकास चालायचं आणि गावात गेलं की पेटी 'कर्नल फार जुना' म्हणून हात वर करायची. भटू हसायचा. "गावनी पेटी शे ती, तुन्हासारखी पुन्याले शिकेल नही. तिले जे येस तेच इचार."

पुढे माझी खोडी काढायला त्याने मशीनमध्ये एक प्रश्नच घालून ठेवला. टूलचेन बांधायला घेतली की पडद्यावर येतं, 'पेटीले इचारं का?', म्हणजे तुझ्यात कोणता कर्नल आहे ते पेटीला विचारलंस का, आणि 'हो' लिहिल्याशिवाय काम पुढे सरकत नाही. मी बिनधास्त 'हो' ठोकायचो, कारण कोणत्या गावच्या पेटीत कोणता कर्नल हे भटूला तोंडपाठ होतं. ते कुठे लिहून ठेवायचं आमच्या डोक्यातच आलं नाही. चाळिशीतला माणूस असा उठून जाईल, हे कोणाच्या डोक्यात येतं?

त्याच्या दहाव्यानंतर कोरीट गावची पेटी बंद पडली. पाणी सोडणारे उखाआबा सत्तरीतले. व्हॉल्व्ह हाताने फिरवायला रोज टाकीची शिडी चढू लागले. प्रोग्राम नव्याने घडवणं भाग होतं. मशीनपुढे बसलो, प्रश्न आला, आणि बोटं थांबली. उठलो आणि कोरीटला गेलो.

आमच्या तोंडून 'कर्नल, कर्नल' ऐकून आबांनी कधीच ठरवून टाकलं होतं की भटू पलटणीतला कोणी बडा साहेब आहे. शिडीवरूनच त्यांनी विचारलं, "कर्नलसाहेब नही उनात?"

"गयात, आबा."

"कवय येतीन?"

आता लपवण्यात अर्थ नव्हता. "नही येवाव. वारनात त्या."

आबा उतरले आणि टाकीच्या सावलीत बसले. म्हणाले, "मंग हाई पेटी आते कोनं आयकी?" मी पेटी उघडली, लॅपटॉपची वायर जोडली आणि तिच्यात कोणता कर्नल आहे ते तिलाच विचारलं. फार जुना होता, आणि बनवणाऱ्याचे फेरफारही होते. भटूने हे पापणी लवायच्या आत सांगितलं असतं.

दुकानात परतून त्याच कर्नलचे हेडर शोधून मशीनला दिले. पडद्यावर प्रश्न आला. भटूच्या खुर्चीच्या पाठीवर त्याचा पंचा अजून तसाच आहे, तो उचलायचा मला धीर होत नाही. मी 'हो' लिहिलं आणि सवयीने मागे वळून म्हणालो, "इचारं रे. या खेपले खरंच इचारं."