आबांची म्हैस आणि समोरचा प्लॉट

नंदुरबारच्या कडेला आम्ही घर बांधलं तेव्हा मागे शेत होतं आणि बाजूला मिरचीच्या पथारी. वाळायला पसरलेली लाल मिरची खिडकीतून दिसायची आणि हिवाळाभर घरातलं प्रत्येक माणूस शिंकायचं. मग एका हिवाळ्यात कुणीच शिंकेना. बाहेर जाऊन पाहिलं, तर पथारीच्या जागेवर चुन्याच्या रेघा मारून प्लॉट पाडलेले.

त्याच सुमारास सासूबाई गेल्या आणि माझे सासरे तापीकाठचं गाव सोडून आमच्याकडे राहायला आले. आम्ही सगळे त्यांना आबा म्हणतो. येताना त्यांनी म्हैसही आणली. यांनी फोनवर कितीदा सांगितलं होतं, की इथे म्हशीला जागा नाही. आबा टेम्पोतून उतरले, समोरच्या मोकळ्या प्लॉटकडे हात केला आणि म्हणाले, "हाई काय शे मंग?"

पहिलं वर्ष म्हशीचं मजेत गेलं. सकाळी धार काढून झाली की आबा दोर सोडत आणि ती समोर जाऊन चरे. पण गल्ली भरत चालली होती. कुणी शहाद्याहून आलं, कुणी तळोद्याहून, कुणी सुरतेत कमावून परत. पथारी गेल्याच होत्या, आता मागचं शेतही गेलं. गटार व्हायच्या आधीच घरं झाली. नळ आला, पण त्याला पाणी येईना, म्हणून टँकर सुरू झाला. एकदा टीव्हीवर जगभरातली शहरं कशी फुगत चाललीत ते दाखवत होते. आबा म्हणाले, "सारं जग आपलीच गल्लीमा ई ऱ्हायनं का काय?"

शेवटी समोरचा प्लॉटही गेला. तो घेतला दवाखान्यात नर्स असलेल्या एका बाईंनी. त्या मूळच्या धडगावकडच्या डोंगरातल्या. बांधकाम होईपर्यंत आबांनी म्हशीला दारातच बांधलं. पण घरभरणीच्या दिवशी, पंगत बसलेली असताना, तिचा दोर सुटला. ती शांतपणे रस्ता ओलांडून मांडवात शिरली, दाराचं आंब्याच्या पानांचं तोरण ओढून खाल्लं आणि नव्या ओट्यासमोर बसकण मारली. पाहुणे पत्रावळी घेऊन उठले. मी धावत गेले, माफी मागायला तोंड उघडलं, तोच मागून आबांचा आवाज आला, "ती तिन्हा जागावरच गयी. घरच मधमा इनं."

मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण सिस्टर हसत सुटल्या. "वहिनी, राहू द्या, तिकडे बघा," म्हणाल्या.

त्यांची म्हातारी आई म्हशीपाशी उकिडवी बसून तिची मान खाजवत होती. मुलीने तिला महिन्यापूर्वी पाड्यावरून आणलं होतं. तेव्हापासून ती मुलीच्या भाड्याच्या खोलीबाहेर फारशी आली नव्हती. तिला मराठी येत नव्हती, आजूबाजूला मुलगी सोडून कुणाला पावरी येत नव्हती. आता ती म्हशीशी घडाघडा बोलत होती आणि म्हैस कान हलवत होती.

दुसऱ्या दिवसापासून आजी रोज आमच्या दारात. ती पावरीत बोले, आबा अहिराणीत. दोघं शेण काढता काढता एकमेकांवर खेकसत, आणि चहाला हाक मारली की एकदमच गप्प होत. काय बोलत होते ते अजून मला कळलेलं नाही.

उन्हाळ्यात मात्र टँकर आठ-आठ दिवस येईना. लोक हंड्यांवरून भांडत असताना म्हशीला बादल्या पाजणं आबांनाही जड जाऊ लागलं. कोपऱ्यावरच्या गृहस्थांनी सुनावलंही, "आबा, इथं माणसांना प्यायला नाही."

संध्याकाळी आजी पाड्यावर परत जायचं म्हणून मुलीशी हटून बसल्याचं कळलं. तिथे घराखाली झरा होता, मुलगा होता, चारा होता. आबांनी म्हशीला उरलेली बादली पाजली. मग यांना म्हणाले, "पिकअप सांग. म्हातारीबरोबर हिलेबी धाडी दे." म्हैस गाभण होती. सिस्टर मोबदल्याचं बोलू लागल्या, तर आबा उठून आत गेले.

पिकअपमधून आबाही गेले, आणि चार दिवसांनी रुसून परतले. घाटात अंग खिळखिळं झालं होतं, पण दुखणं वेगळंच होतं. "म्हैस मन्हाकडे पाही बी नही," म्हणाले. तरी पुढच्या महिन्यात त्यांनी धडगावची वाट धरली. मग ते नेमच झालं. वडापच्या जीपमध्ये ड्रायव्हरशेजारची जागा ते आता हक्काने मागतात.

थंडीत एकदा ते भल्या सकाळच्या जीपने खाली उतरले, मांडीवर किटली घट्ट धरून. म्हैस व्याली होती, पारडी झाली होती. आजीने पहिल्या चिकाचं दूध पाठवलं होतं. मी गूळ-वेलची घालून खरवस केला आणि घराघरांत वाटायला घेतला. आमच्या गल्लीत किती बिऱ्हाडं झालीत ते मला त्या दिवशी कळलं. घरातल्या वाट्या संपल्या, मग पेले संपले. आबा दारात उभे राहून ओरडत होते, "अजून बारीक काप, सारासले पुराले पाहिजे!"