निरगुडीच्या पाण्याची आंघोळ

लातूर नवा जिल्हा झाला आणि मला कचेरीत टायपिस्टची नोकरी लागली. गावात कुत्रंही ओळखीचं नव्हतं. त्यात दुष्काळ. घरमालकीण खोलीमागे रोज दोन घागरी पाणी द्यायची, मग खोलीत एक माणूस असो की चार. माझं तोंड फटकळ. गोड बोलून शेजारणीकडून एखादी घागर जास्त मिळवणं मला कधी जमलं नाही.

पहिल्याच हिवाळ्यात नांदेडपलीकडच्या हिमायतनगरकडून माय आली. गुडघे आखडलेले आणि काखेत निरगुडीच्या पाल्याचं गाठोडं. मला इतका आनंद झाला की हिला संक्रांतीपर्यंत हलू द्यायचं नाही, हे मी दारातच ठरवलं. रोज सकाळी एका घागरीच्या पाण्यात पाला उकळून ते मी तिला आंघोळीला द्यायचे. दुसरी प्यायला आणि रांधायला. मी कचेरीत तांब्याभर पाण्यानं हातपाय धुवायचे आणि घरी सांगायचे, "तू उठायच्या आधीच न्हाले."

आठवड्यात माय मांडी घालून भाकरी थापायला लागली. संध्याकाळी आले की दार उघडं असायचं. नोकरीची ऑर्डर हातात पडली तेव्हाही मी इतकी सुखावले नव्हते.

रविवारी माझ्या डोक्याला तेल लावता लावता तिचा हात थांबला.

"मानेवर मळ चढलाय. किती दिस झाले न्हाली न्हाईस?"

"आंघोळीला पाणी एकीपुरतंच मिळतं. दोघींनी कसं न्हायचं?" मी फटकन बोलून गेले.

ती पुन्हा तेल चोळू लागली. मला वाटलं, विषय मिटला.

सोमवारी जाग आली ती पाल्याच्या वासानं. मायनं मला मोरीत बसवलं. तिशी गाठलेली मी, लाजून नको नको म्हणत होते.

"गप बस. ल्हान असताना बी लई वळवळ करायचीस."

तिनं ऊन पाण्यानं माझी पाठ चोळली, मान चोळली, शेवटचा तांब्या डोक्यावरून ओतला. हाडात बसलेली थंडी निघून गेली. अंग पुसून बाहेर आले तर तिची पिशवी भरून तयार.

"राहा ना माय." मी आयुष्यात कुणाची अशी विनवणी केली नव्हती.

"गावाकडं विहिरीला हाय थोडं. तू रोज न्हात जा."

नांदेडच्या एसटीत ती पारोशीच चढली.

संध्याकाळी कचेरीतून परत आले आणि कुलूप काढायच्या आधीच रडू फुटलं. दाराशी घरमालकिणीनं दोन्ही घागरी भरून ठेवल्या होत्या. एकटीला पुरून उरेल एवढं पाणी होतं.