दक्षिणेकडे जाणाऱ्या अनसूयाबाई

अनसूयाबाई गजभिये कुठल्याच देवापुढे हात जोडत नसत, आणि तरी दर वर्षी दिवाळीनंतर पंधरा दिवसांची रजा काढून त्या एकट्याच दक्षिणेतली देवळं हिंडायला जात. एक वळकटी, एक कापडी पिशवी, भाकरी आणि ठेच्याचा डबा. एवढं सामान घेऊन मद्रासकडे जाणाऱ्या गाडीत बसायचं. त्या काळात नागपुरातली एकटी बाई असा प्रवास करत नसे. कुणी विचारलंच तर त्या म्हणत, "पाहाले जातो. काहून, बायांनी पाहू नये काय?" आमच्याकडच्या बायका 'जाते' न म्हणता 'जातो' म्हणतात. अनसूयाबाईंच्या तोंडी ते फारच शोभायचं.

मी पारशिवनीजवळच्या खेड्यातून नर्सिंगच्या शिक्षणाला नागपुरात आले तेव्हा बौद्ध धम्माच्या दीक्षेला नऊ वर्षं झाली होती. अनसूयाबाईंनी सगळ्या कुटुंबासोबत दीक्षा घेतलेली. मी कुणब्याची, घरी देव्हारा असलेली. वॉर्डात पहिल्याच दिवशी भाजलेल्या माणसाचं ड्रेसिंग बघून मी बाहेर पळाले. अनसूयाबाई त्याच वॉर्डात नर्स होत्या, त्या मागून आल्या. पाठीवरून हात फिरवतील असं वाटलं होतं, तर त्या म्हणाल्या, "उलटी कर, तोंड धू आन् वापस ये. आज घरी गेली तर उद्या ह्या दारातून आत येणं अजून जड जाते." मी परत गेले. पुढची वीस वर्षं आम्ही एकत्र काम केलं. त्यांच्याइतके हलके हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत आणि त्यांच्याइतकी कमी हसणारी बाईही पाहिली नाही.

त्यांच्या पहिल्या दोन प्रवासांबद्दल मला काही कळलं नाही. तिसऱ्या वर्षी मात्र मी धीर करून म्हटलं, "एवढ्या मोठ्या देवळात जाता, तर माझ्यासाठी कुंकू आणाल का?" परत आल्या तेव्हा वर्तमानपत्राच्या तुकड्यात बांधलेली पुडी त्यांनी माझ्या हातात ठेवली. "मी नाही मागितलं. तिथल्या एका बाईले खुणेनं सांगितलं, एक पोरगी आहे म्हणून. तिनं देल्लं." देवळाबद्दल विचारलं तर म्हणाल्या, "खांबच खांब आहेत वं इंदू. दगडाच्या बायकांच्या बांगड्यासुद्धा मोजून घे. पण बाहेर पायऱ्यांवर जे लोक बसले असते ना, त्यांच्याकडं कोणी पाहत नाही. मी त्यांनाच पाहून राहिली होती."

त्यांची वस्ती जरीपटक्याच्या अलीकडे होती. दोन खोल्यांच्या घरात त्या आणि त्यांची आई राहत. आईला मोतीबिंदूमुळे जवळजवळ दिसत नसे. लहानू नावाचा धाकटा भाऊ होता, अनसूयाबाईंहून आठ वर्षांनी लहान. डोक्यावर परिणाम झाला आणि विसाव्या वर्षी घरातून निघून गेला, एवढं मला माहीत होतं. दारात पाऊल वाजलं की म्हातारी विचारायची, "कोण? लहानू काय?" मी म्हणायची, "नाही माय, मी इंदू." मग ती म्हणायची, "ये, बस. तो आला का मीच सांगतो तुले."

बाईंच्या देवळांवरून वस्तीत कुजबूज होती. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातली बाई देवळं हिंडते, हे लोकांना सहन होणं कठीणच होतं. एका रविवारी विहारात वंदना झाल्यावर तिथल्या एका वडीलधाऱ्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, "अनसूया, तू तिथं काय करतं? खरं सांग." मी त्या दिवशी त्यांच्यासोबत गेले होते. त्या उभ्या राहिल्या. "हात जोडत नाही, मामा. गाभाऱ्यात बी जात नाही. लहानूले पाहाले जातो. देवळापाशी जेवण भेटते, तिथं असे लोक जमते." त्या मामांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "मंग जा पोरी. आम्हाले माहीत नव्हतं." त्यानंतर वस्तीतल्या बायका प्रवासासाठी त्यांना चिवडा करून देऊ लागल्या. तो घेताना अनसूयाबाईंचा चेहरा शिक्षा झाल्यासारखा होई. का, ते मला तेव्हा कळलं नाही.

मद्रासकडची एक नर्स आमच्यासोबत होती. तिनं त्यांना पुठ्ठ्यावर तमिळमध्ये लिहून दिलं होतं आणि तेलुगूमध्ये कुणाकडून तरी लिहून आणलं होतं : हा माझा भाऊ आहे, उंच आहे, डाव्या कानाची पाळी फाटलेली आहे, मराठी बोलतो. पुठ्ठा आणि लहानूचा फोटो घेऊन त्या वरंगळ, कालहस्ती, कांची, मदुरा, रामेश्वर असं दर वर्षी पुढे पुढे सरकत गेल्या. चपला सांभाळणारे, केस उतरवणारे न्हावी, फुलवाल्या, सगळ्यांना दाखवायच्या. मद्रासला फक्त गाडी बदलायच्या. "एवढ्या मोठ्या शहरात तो नाही राहणार. गर्दी पाहून त्याले कापरं भरते," म्हणायच्या.

सातव्या वर्षी त्या रजा संपायच्या सहा दिवस आधी परत आल्या. दुपारी मी चादरींच्या खोलीत मोजणी करत होते. त्या आत आल्या, दार लावलं आणि चादरींच्या गठ्ठ्यावर बसल्या.

"भेटला," त्या म्हणाल्या.

मी आनंदानं ओरडणार, तेवढ्यात त्यांनी हात वर केला. "मेल्यावर भेटला."

मद्रासला त्यांची पुढची गाडी चुकली होती. दुसरी दुपारनंतर होती. वेळ होता म्हणून स्टेशनवरच्या एका म्हाताऱ्या हमालाला त्यांनी फोटो दाखवला. त्यानं कानाकडे बोट केलं आणि त्यांना जवळच्या एका संस्थेत नेलं. फलाटावर सापडलेल्या, घरदार नसलेल्या लोकांना तिथे ठेवत. तिथला स्वयंपाकी मोडकंतोडकं हिंदी बोलायचा. त्यानं फोटो पाहिला आणि म्हणाला, "नागपूर!" नाव सांगता येत नव्हतं, गावाचं नाव तेवढं सांगायचा, म्हणून सगळे लहानूला नागपूरच म्हणत. नऊ वर्षं तो तिथेच होता. आदल्या पावसाळ्यात कावीळ होऊन गेला.

"म्हणजे तो पळून गेला तो थेट मद्रासला?" मी विचारलं.

"पळून नाही गेला." त्या चादरीची शिवण नखानं उसवत होत्या. "मी बसवलं त्याले गाडीत."

मग त्यांनी सगळं सांगितलं. लहानूनं भिरकावलेला दगड शेजारच्या मुलीच्या डोळ्याजवळ लागला होता. वस्तीतल्या लोकांनी सांगितलं, बांधून ठेवा. आई गावी गेलेली. अनसूयाबाई त्याला खाटेच्या पायाला बांधून ड्युटीवर येत. एक दिवस दुपारी घरी गेल्या तर दोरीनं मनगटं सोलली होती आणि त्यावर माशा बसल्या होत्या. त्यांनी दोरी सोडली, त्याला आंघोळ घातली, जखमांना मलम लावलं, धुतलेला सदरा घातला आणि स्टेशनवर नेलं. मद्रासची गाडी उभी होती.

"मी म्हटलं, लहानू, तिकडं मोठमोठे देवळं आहेत, उंच उंच. तिथं लोकाले जेवाले देते. खिडकीतून देऊळ दिसलं का उतरजो. नाही दिसलं तं उतरू नको." त्यांचा आवाज वॉर्डात औषधांची नावं वाचताना असायचा तसाच होता. "तो कधीच माह्या शब्दाबाहेर नव्हता वं. म्हणून मी देवळं पाहत गेली. तो तं उतरलाच नाही कुठं. त्याले देऊळच नाही दिसलं. गाडी थांबली तिथंवर बसून राहिला."

परतीच्या प्रवासात त्या उजेड असेपर्यंत खिडकीशी बसून बाहेर बघत आल्या होत्या. "सात वर्षं त्याच रस्त्यानं गेली मी, पण खिडकीतून देऊळ दिसते का नाही, हे कधी पाहिलंच नाही. आता पाहिलं. मले तरी एक बी नाही दिसलं."

त्या पुढे म्हणाल्या, "तो सैपाकी मले विचारे, नागपूर येणाऱ्या-जाणाऱ्याले एकच बोलत होता. 'देऊल आला काय, देऊल आला काय.' त्याचा अर्थ काय? मी सांगितलं, भूक लागली म्हणत होता. तं तो सैपाकी रडला. म्हणे, मंग बरं झालं बाई, आम्ही त्याले रोज पोटभर वाढत होतो."

त्या रविवारी त्या मला घरी घेऊन गेल्या. वाटेत म्हणाल्या, "मायले सांगतो. तू बाजूले बस. मी काही खोटं बोलली तं मले टोक." टोकायची वेळ आली नाही. त्यांनी दोरीसकट सगळं सांगितलं. म्हातारी मांडीवर हात ठेवून ऐकत होती. सगळं झाल्यावर तिनं एकच विचारलं, "गाडीत बसवलं तवा रडला काय वं तो?"

"नाही माय. हासला. खिडकीची जागा भेटली म्हणून."

म्हातारीनं तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतर ती तीन वर्षं जगली. लेकीच्या हातून न्हाली, तिच्या हातचं जेवली, पण तिच्याशी एक अक्षर बोलली नाही. अनसूयाबाई रोज ड्युटीवरून गेल्या की आईला दिवसभराचं सांगत : कोण दाखल झालं, कुणाला मुलगा झाला, तूर कशी महागली. उत्तर येणार नाही हे माहीत असून सांगत. मी एकदा म्हटलं, "माफ करतील हो त्या, आई आहेत." त्या माझ्यावर पहिल्यांदा चिडल्या. "काहून करंल? तू तिच्या जागी बसून पाह आन् मंग बोल."

आई गेल्यावर चार-पाच वर्षांनी आमच्या ओपीडीच्या बाकावर एक बाई तिच्या तिशीतल्या दिराला बसवून निघून गेली. चिठ्ठीवर पत्ता खोटा; ती अमरावती रोडकडे गेली, एवढं दारावरच्या शिपायानं पाहिलं होतं. त्याचं नाव गोविंदा, पण तेसुद्धा नीट सांगता येत नव्हतं. आम्ही सगळ्या त्या बाईला शिव्या घालत होतो. अनसूयाबाई उठल्या आणि तशाच, टोपीसकट, रिक्षा करून अमरावती रोडला गेल्या. वाडीला ट्रकच्या गोदामांसमोर एसटीची वाट पाहत ती बाई उभी होती. तासाभरानं अनसूयाबाई एकट्याच परत आल्या.

"नाही भेटली?"

"भेटली. तिच्यासोबत बसली. लहानूचं सांगितलं. अख्खं. खूप रडली बिचारी." त्या गोविंदाच्या सदऱ्याची बटणं काढू लागल्या, आंघोळ घालायची होती. "मंग एसटी आली, आन् ती बसून गेली."

गोविंदाला पुढे मनोरुग्णांच्या इस्पितळात हलवलं. अनसूयाबाई दर रविवारी सकाळी त्याला भेटायला जात. त्याला केळी आवडत. तो त्यांना वहिनी म्हणे. त्यांनी कधी दुरुस्त केलं नाही. दक्षिणेकडे त्या पुन्हा कधी गेल्या नाहीत. सहा वर्षं एकही रविवार चुकला नाही. मग पोटाचा कर्करोग निघाला आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. शेवटच्या आठवड्यात त्या माझा हात धरून म्हणाल्या, "त्याले खोटं सांगू नको. गावाले गेली, येते, असं म्हणू नको. मेली म्हण."

त्या गेल्यानंतरच्या रविवारी मी गेले. गोविंदा केस विंचरून, गळ्यापर्यंत बटणं लावून बाकावर बसला होता. मी त्याला सांगितलं, "वहिनी मेल्या, गोविंदा. आता त्या येणार नाहीत. मी येईन." त्यानं केळं सोललं, अर्धं मला दिलं.

मी पाच रविवार गेले. सहाव्या रविवारी घरी पाहुणे होते. सातव्याला, दुसऱ्या दिवशी मुलाचा पेपर होता. आठव्या रविवारी मी केळी घेऊन बसस्टॉपपर्यंत गेले, आणि इतके दिवस का आले नाही हे त्याला काय सांगायचं, ते काही सुचेना. बस आली, थांबली, निघून गेली. मी घरी परतले. त्यानंतर मी गेले नाही.