नसलेला ठराव

कमिटीनं तसं काही ठरवलंच नव्हतं. ते मी एकट्यानं ठरवलं होतं. हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही.

धारूरच्या अंगाला, डोंगराच्या कडेवर आमचं गाव. तिथल्या दूध सोसायटीचा मी सचिव. भावकीतली एक वहिनी रोज सकाळी म्हशीचं दूध घेऊन यायची. बाळंतपणात तिचं मूल गेलं आणि ती बोलायची थांबली. रांगेत उभ्या उभ्या रडायची. बायका कुजबुजायच्या, "बाहेरचं लागलंय तिला." तिच्यामागं कुणी कॅन ठेवीना. मला रांग सुरळीत हवी होती. म्हणालो, "वहिनी, कमिटीनं ठरवलंय. दूध दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत जा." तिनं मान खाली घातली आणि गेली. चेअरमनना यातलं काहीच माहीत नव्हतं. तिनं मात्र त्या दिवसापासून त्यांच्या घरचा चहा सोडला.

तिचा भाऊ तिला अंबाजोगाईला दवाखान्यात घेऊन गेला. वर्षभरात ती पुन्हा बोलायला लागली.

मग दुष्काळ पडला. सोसायटीनं जनावरांची छावणी उघडली, डेअरीही तिथंच पत्र्याखाली आणली. गाव जनावरांसोबत छावणीत राहायला. तिथं दूध पाठवायला दुसरा हात नव्हता, म्हणून वहिनी पुन्हा स्वतः रांगेत येऊ लागली. मी तिचं दूध मापून घेत राहिलो.

लोकांना वाटायचं, मी कामात बुडालोय. खरं तर मला काहीच वाटत नव्हतं. भूक नाही, झोप नाही; पोरांचा राग नाही की लळा नाही. छावणीच्या टोकाला एक कोरडी विहीर होती. पाय सारखे तिकडंच वळायचे.

दुधाचा नमुना घेण्याआधी कॅन पळीनं ढवळायचा असतो. नाहीतर वरची साय नमुन्यात येते आणि ज्यावर दुधाचा भाव ठरतो ते फॅट खोटं लागतं. नवख्याला हे पहिल्याच दिवशी शिकवतात.

"थांबा," एका सकाळी वहिनी म्हणाली. "ढवळलं न्हाई तुमी."

"ढवळलं की."

"न्हाई, भावजी. चार दिस झाले बघायलेय. कुणाचंच ढवळीत न्हाई तुमी."

मागून एक म्हातारा ओरडला, "आगं बाई, चार दिस झाले माझं फॅट लई यायलंय, कावून मोडता घालतीस?"

रांग हसली. ती हसली नाही. तिनं माझ्या हातातली पळी घेतली, स्वतः ढवळलं आणि हळूच म्हणाली, "मी बी आशीच दुधाकडं बघत बसायची. उतू गेलं तरी कळायचं न्हाई. उद्या दुधाच्या टेम्पोत बसा माझ्यासंगं. अंबाजोगाईला डाक्टर हाय माझा, मनाचा."

"लोक काय म्हणतील?"

"म्हशीच्या औषधाला गेलतो म्हना. मी तर येडीच हाय, मला कोन इचारतंय?"

गेलो. गोळ्या सुरू झाल्या, डॉक्टरांपुढं बोलणं सुरू झालं. लगेच काही घडलं नाही. तिसऱ्या महिन्यात एका दुपारी भाकरीबरोबर ठेचा खाल्ला आणि तोंड भाजलं. डोळ्यांतून पाणी आलं. कित्येक महिन्यांनी मला तिखट लागलं होतं! मी इतका मोठ्यानं हसलो की शेजारच्या दावणीच्या म्हशींनी माना वळवल्या. बायको घास हातात धरून बघतच राहिली.

आज दर मंगळवारी दुधाच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारच्या दोन जागा राखीव असतात. सुरुवातीला सगळे म्हशीच्या औषधालाच जायचे. आता भर रांगेत ऐकू येतं, "मनाच्या डाक्टरकडं चाललोय बे. तू बी चल, लई कुरकुरतोस." त्या जागांचा ठराव वार्षिक सभेत वहिनीनंच मांडला. हा मात्र खरा ठराव. सगळ्यात जोरात टाळ्या चेअरमननी वाजवल्या. सभेनंतरचा चहा त्यांच्या घरी होता. वहिनी दारातूनच परत फिरली. आपलं काय चुकलं, हे त्यांना आजही कळलेलं नाही.

ती बरी झाली. मीही झालो. वहिनी आणि चेअरमन दोघांना समोरासमोर बसवून, ठराव नव्हताच, ते माझंच काम होतं, हे सांगण्याचं देणं मी अजून लागतो.