काकूंनी साहेबांच्या कानांत बोळे घातले

लाकूड कापायच्या कारखान्यात काकूंची बावीस वर्षं गेली. त्यांत डावा कान पार गेला, उजवा कधी आहे, कधी नाही. पण डोळे असे तयार झाले, की समोरच्याच्या ओठांवरून अख्खं वाक्य उचलावं. यंत्रांच्या कलकलाटात बाकीचे "काय? काय?" करत बसायचे, काकूंना पार पलीकडच्या टोकाची चहाडीसुद्धा कळायची. सोयीचं नसलं, की मात्र त्या ठार बहिऱ्या.

नवे साहेब आले, त्याच आठवड्यात माल उचलणारी फोर्कलिफ्ट मागे येता येता काकूंच्या पाठीशी हातभरावर थांबली. भोंगा वाजत होता; काकूंना पत्ताच नाही. साहेबांचा चेहरा पांढराफटक. काचेच्या केबिनमध्ये शिरून ते मॅनेजरला म्हणाले, "उद्यापासून त्यांना लेबलं चिकटवायला बसवू. आणि जाकिटावर पाठीमागे मोठ्ठं 'बहिरी' लिहू."

बाहेरून काकूंनी शब्द न् शब्द टिपला.

घरी जाऊबाई समोर बसून म्हणाली, "साहेबांशी भांड खुशाल. पण खरं सांग, गाडी आलेली कळली होती तुला?"

काकूंनी निवडायची भाजी बाजूला सारली. "नाही गं. अजून धडधडतंय."

सकाळी साहेबांनी तोंड उघडायच्या आत त्यांनी सुनावलं, "लेबलं मी चिकटवणार नाही. जाकीटही नको."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"तुम्हीच की!"

साहेब ओशाळले. "पण मागून गाडी आली तर?"

"या इकडे." काकूंनी त्यांच्या कानांत चांगले घट्ट बोळे घातले, आपल्या जागी पाठमोरं उभं केलं आणि रिकामी हातगाडी मागून आणून अलगद पोटऱ्यांना टेकवली. साहेब टुणकन उडाले. सगळे खो खो हसले.

काकूंनी बोळे काढून विचारलं, "आता बोला, काय असतं तर बरं झालं असतं?"

"आरसा!" साहेब ओरडलेच.

"हं, आता कसं!"

साहेब हसले आणि वही घेऊन बसले. "आणखी? तुम्हीच सांगा." काकूंनी सांगितलं: फोर्कलिफ्टवर लुकलुकता दिवा, आगीच्या घंटेबरोबर खिशात थरथरणारी डबी, हाक मारायची तर समोर येऊन, मागून खांदा ओढायचा नाही.

"आणि तुम्ही काय सोडाल?"

हा प्रश्न काकूंना अपेक्षित नव्हता. गाड्यांच्या पट्ट्यातून जायची मधली वाट त्यांची लाडकी होती. "ती वाट," त्या नाखुशीनं म्हणाल्या. "पण फिरून जाताना कुरकुर करणार, आधीच सांगते."

महिन्याभरानं आगीच्या घंटेची चाचणी झाली. डबी थरथरली, काकू सगळ्यांत आधी फाटकाशी. साहेबांचा मात्र पत्ता नाही. शेवटी धापा टाकत आले. काकूंना शोधत आत फिरत होते.

"अहो, माझं मी बघते," काकू कडाडल्या. "तुमचं कोण बघणार?"

साहेबांनी घाम पुसला. "पुढच्या वेळी आधी फाटकाशी येऊन बघेन."

काकूंनी त्यांना पाणी दिलं.