सूर्य उपग्रहाच्या मागे आला की

वर्षातून दोनदा आमच्या घराला सूर्याची धास्ती असायची.

ग्रहणाची नाही. साध्या, लख्ख, दुपारच्या सूर्याची.

माझे वडील, अण्णा, बुऱ्हाणपुरात टीव्हीच्या डिश बसवायचे. इकडे डिशला सगळे छतरीच म्हणतात. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

अण्णा सांगायचे, टीव्हीचा उपग्रह विषुववृत्तावर, आपल्याला एकाच जागी उभा दिसतो. म्हणून आपल्याकडच्या छतऱ्यांची तोंडं दक्षिणेला. मार्च आणि ऑक्टोबरच्या सुमारास काही दिवस, दुपारी बाराच्या आसपास, सूर्य बरोबर त्या उपग्रहाच्या मागे येतो. मग सूर्यापुढे त्या बिचाऱ्याचं काही चालत नाही. सिग्नल गायब.

दहा मिनिटांनी आपोआप परत येतो.

पण दहा मिनिटं धीर धरेल तो आमचा बुऱ्हाणपूरकर कसला.

लोक वर चढायचे आणि चांगली छतरी फिरवून ठेवायचे. मग सिग्नल खरंच जायचा. मग अण्णांना फोन, आणि अण्णा शिडीवर.

हार्ट अटॅक आल्यावर डॉक्टरांनी चढउतार बंद करायला सांगितलं. अण्णांनी मान डोलावली आणि महिनाभरात पुन्हा कुणाच्या तरी पत्र्यावर दिसले. मी शाळेत शिकवते. त्या दिवसांत फळ्यावर लिहितानासुद्धा माझे कान फोनकडे असायचे.

एका ऑक्टोबरात मी सुट्टी टाकली, अण्णांचा फोन बंद केला आणि तूरडाळीच्या डब्यात खुपसून ठेवला.

अण्णांनी घरभर शोधला. मीही शोधायचं नाटक केलं.

त्याच दुपारी तुकईथडचे पाटीलबाबा फोन लावत होते. सत्तरी उलटलेले, केळीचे शेतकरी. त्यांची बायको अंथरुणाला खिळलेली, टीव्ही हीच तिची सोबत. पडदा काळा झाला, म्हातारी कासावीस झाली. फोन लागेना, तेव्हा बाबांनी स्वतःच शिडी लावली. छतरी फिरवली. उतरताना पाय सटकला.

मांडीचं हाड मोडलं.

दुसऱ्या दिवशी त्यांचा मुलगा घरी येऊन सांगून गेला. तो गेल्यावर मी आई-अण्णांसमोर डब्यातून फोन काढला. हाताला डाळीची भुकटी लागलेली.

अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं.

"माझ्यासाठी केलं तू, समजतं मले, बेटा. पण फोन तं उचलायचा ना. दहा मिनट थांबा, इतकंच तं सांगायचं होतं."



आम्ही दोघं लगेच बसने तुकईथडला गेलो. अण्णा पत्र्यावर, मी खाली शिडी धरून, पाटीलबाबांची सून आत टीव्हीसमोर. अण्णा छतरी जराशी सरकवून विचारायचे, आला का. सून म्हणायची, नाही. पुन्हा सरकवायचे, पुन्हा नाही. मी मनातल्या मनात देवाला विनवत होते, येऊ दे रे बाबा, आत्ताच्या आत्ता येऊ दे. शेवटी चित्र आलं. अण्णा खाली येईपर्यंत मी शिडी सोडली नाही.

त्यानंतर त्या दिवसांतले फोन मीच उचलायचे. नाव-गाव न विचारता सांगायचे, वर जाऊ नका, थोडं थांबा. पाटीलबाबांना मात्र काठी लागली ती कायमची. फोन मी लपवला होता, हे त्यांना सांगायची हिंमत मला झाली नाही.

गेल्या वर्षी आजच्या दिवशी मार्चही नव्हता, ऑक्टोबरही नव्हता. थंडीचे दिवस. कुणाचा फोन नाही, शिडी अंगणात आडवी पडलेली. मी अगदी निर्धास्त.

अण्णा वरण-बट्टी जेवले, बट्टीत तूप कमी पडलं म्हणून आईशी जरा भांडले आणि दिवाणावर आडवे झाले.

मी चहा घेऊन गेले, तर अण्णा झोपेतच गेले होते.

इतकी वर्षं मी छताकडे बघत राहिले. आणि ते गेले तेव्हा मी आठ पावलांवर भांडी लावत होते. एकदासुद्धा डोकावले नाही.

आता आई दुपारी झोपली की मी दर पाच मिनिटांनी दारात जाऊन उभी राहते. तिचा पदर वर-खाली होतोय ना, ते बघते.

ती डोळे न उघडताच म्हणते, "जिती आहे मी. जा, काम कर."

अण्णा, तुम्हाला नमस्कार. फार आठवण येते.