पोटाले उशी बांधली तवा

आईची शपथ, खरं सांगून राह्यलो. म्हणजे बरंचसं खरं. मॅडमच्या हाताखाली काम केलं की किस्से जमवा लागत नाहीत, अंगावर येऊन पडतात.

मॅडम म्हणजे आमच्या डॉक्टर. कॉलेजात शिकवतात, अन् घाटंजीकडच्या खेड्यांत गरोदर बायांवर रिसर्च करतात. मी त्यायचा असिस्टंट.

मॅडमचा पहिला नियम : बाईपेक्षा उंच बसाचं नाही. एका घरी बाई जमिनीवर बसली, म्हणून आमचा डॉक्टरकी शिकणारा स्टुडंट खुर्ची सोडून जमिनीवर. डॉक्टरच्या बरोबरीनं कसं बसाचं, म्हणून बाई पायरीवर उतरली. हा पायरीवर. ती अंगणात. हा अंगणात...

मी शोधाले गेलो, तर दोघं कोरड्या नाल्यात. इंटरव्ह्यू चालू!

दुसरा नियम : बाई एकटी असली तरच बोलाचं. तेवढा वेळ सासूले बाहेर गुंतवाचं काम माह्यं. मी आपला सासवांचं बीपी मोजू लागलो. पुढच्या खेड्यात पोचलो, तर मॅडमपुढं दोन सुना, अन् माह्यापुढं सासवांची रांग. आधार कार्ड घेऊन!

त्याच रांगेत गोदाबाई भेटली. तिची सून संगीता, नववा महिना, बीपी वाढलेलं. घरी बाळंत झाली तर जिवावर बेतेल, असं मॅडमनं किती समजावलं. गोदाबाई म्हणे, "माह्ये चारही घरीच झाले. कायले पाह्यजे दवाखाना?"

मग मॅडमनं गावात रंगीत तालीम ठेवली. कळा सुरू झाल्या की गाडी कशी बोलवाची, ते लोकायले दाखवाचं. गरोदर बाई कोण? मी. गोदाबाईचं लुगडं, डोक्यावरून पदर, पोटाले उशी.

मी बोंबललो. अ‍ॅम्ब्युलन्स आली. पण ड्रायवर नवा, त्याले कोणी सांगितलंच नव्हतं. मले उचलून आत टाकलं.

"अरे भाऊ, मी गडी माणूस आहो!"

"ताई, कळांत असंच वाटते."

गाव हसून हसून लोळलं. संगीताही हसली, अन् हसता हसता पोट धरून खाली बसली. तिले खरंच कळा सुरू झाल्त्या.

गोदाबाईनं सुनेकडं पाह्यलं. दारात उभ्या गाडीकडं पाह्यलं. मंग मले म्हणे, "सरक तिकडं."

रस्ताभर माह्यी उशी संगीताच्या डोक्याखाली, अन् माह्या हात तिच्या मुठीत. तिचा चेहरा पाहून मले घाम फुटलता.

संध्याकाळी पोरगी झाली. मायलेकी सुखरूप. मी बाहेर बाकड्यावर, लुगड्यातच, सुन्न बसून. गोदाबाई डोळे पुसत आली. माह्या सपाट पोटाकडं पाह्यलं.

"अन् तुले काय झालं?"

हसतो काहून? चाल, चहाचे तू दे. बाळंतिणीकडून कोणी पैसे घेते काय?